खाणीपासून मैदानापर्यंत : धेंपो स्पोर्ट्स क्लबची वाटचाल

स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहा असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मी नाही म्हटले. गोव्यात घरटी एक तरी माणूस फुटबॉलचा इतिहास तोंडपाठ म्हणून दाखवील. माझ्यासारख्या घाटावरून आलेल्याने कशाला त्यात पडावे? त्यावर मिळालेले उत्तर मला आवडले: "इथला माणूस लिहायला बसला तर आधी आपल्या वाड्याच्या संघाचे लिहील. तुम्हाला वाडा नाही."

माझा वाडा सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात आहे. श्रीपूर. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना या गावात उभा राहिला आणि गावाचे घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चालू लागले. गाळपाचा हंगाम सुरू झाला की गाव जागे, संपला की सुस्त. एखादा उद्योग गावाला रोजगाराबरोबर खेळ, देऊळ, शाळा, भांडणे असे सगळे कसे देतो, हे मी लहानपणी उसाच्या गाड्यांमागे धावताना पाहिले. त्यामुळे गोव्यात आल्यावर खाणमालकांचे फुटबॉल क्लब पाहून मला नवल वाटले नाही. साखरेच्या जागी लोहखनिज आणि बैलगाडीच्या जागी बार्ज, एवढाच काय तो फरक. आमच्याकडे फुटबॉल मात्र नव्हता. आम्ही कबड्डी आणि व्हॉलीबॉलवर भागवले.

१९६०चे दशक : डिचोलीची माती

गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने, १८८३ साली. शिवोलीच्या शाळकरी मुलांच्या पायात पडलेला हा चेंडू पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत चर्चच्या फेस्तांपासून देवळाच्या जत्रांपर्यंत सगळीकडे पोचला. पण गावोगावचे संघ हौसेवर चालत. बूट एकाचे, चेंडू दुसऱ्याचा, आणि पंच बहुधा यजमान गावचा. अशा संघांना बाहेरगावी नेणारा, खेळाडूच्या घरी महिन्याचा पैसा पोचवणारा आश्रय हवा होता. तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खाणउद्योगातून मिळाला.

युद्धात बेचिराख झालेला जपान पोलाद बनवायला निघाला आणि त्याला गोव्याचे लोहखनिज हवे झाले. डिचोली, साखळी, कुडचडे या भागांतली लाल माती मांडवी आणि जुवारीच्या पात्रांतून बार्जेसनी मुरगावला जाऊ लागली. या धंद्यातून जी घराणी उभी राहिली त्यांत १९४१ साली स्थापन झालेली व्ही. एस. धेंपो आणि कंपनी अग्रभागी होती. डिचोलीची खाण तिच्या कारभाराचा कणा. म्हणून क्लबची पाळेमुळे शोधायला पणजीत नव्हे, डिचोलीत जावे लागते. तिथल्या स्थानिक फुटबॉलला वसंतराव धेंपो यांच्या काळात घराण्याचा हात लागला आणि १९६८पासून 'धेंपो स्पोर्ट्स क्लब' हे नाव मैदानावर ऐकू येऊ लागले.

ही वाट जगाला नवी नव्हती. लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांनी १८९५ साली काढलेला संघ पुढे वेस्ट हॅम झाला. त्याच्या बोधचिन्हावर आजही रिव्हेट ठोकायचे हातोडे आहेत. वुलविचच्या दारूगोळा कारखान्यातून आर्सेनल निघाला आणि मँचेस्टर युनायटेडचे मूळ रेल्वेच्या डबे दुरुस्ती विभागात सापडते. इंग्लंडात कारखाने मागे पडले, क्लब उरले. धेंपो क्लबच्या कहाणीतही हे वळण पुढे येणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

सुरुवातीच्या वर्षांत 'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द कोणी वापरत नव्हते. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी हजेरीपट, संध्याकाळी सराव. नोकरी पक्की, हा शब्द गोव्यातल्या आईबापांना मैदानातल्या कुठल्याही करंडकापेक्षा जास्त पटत असे आणि त्यात चूक काही नव्हते. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला होता, मुंबईकडे जाणारी वाट खुली झाली होती, आणि जहाजावर नोकरी धरून जाणाऱ्या तरुणांची रांग मोठी होती. त्या रांगेतून काही पोरांना मैदानावर थांबवून ठेवणे, हे त्या पहिल्या पिढीतल्या कार्यकर्त्यांचे काम. त्यांची नावे करंडकावर कोरलेली नाहीत. संघाची गाडी हाकणारे, पावसात भिजलेले बूट चुलीपाशी वाळवणारे, रेषा मारायला चुना आणणारे असे सगळे त्यात आले. क्लब म्हणजे आधी ही माणसे.

१९७०चे दशक : घाट ओलांडून मुंबईला

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक आणि खेळाचे जबरदस्त शौकीन. त्यांच्या नावाच्या सुवर्णचषक स्पर्धेने गोव्याच्या प्रेक्षकाला परदेशी संघ दाखवले आणि स्थानिक संघांना आपली उंची मोजायला काठी मिळाली. साळगावकर, वास्को, धेंपो यांच्यातली चुरस याच काळात रंगली. वास्कोच्या लोकांना धेंपो हरला की सण वाटे आणि पणजीच्या लोकांना साळगावकर हरला की. पावसाळ्यात चिखलात होणाऱ्या या सामन्यांना शेतकरी, पाद्री, खलाशी, भटजी असे सगळे एका कुंपणावर बसत. त्या कुंपणावर कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांतल्या शिव्या एकाच वेळी ऐकता येत, असे जुने लोक अभिमानाने सांगतात.

पण गोव्याबाहेर नाव कमवायचे तर मुंबईच्या कूपरेज मैदानावर जिंकावे लागे. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक हा त्या वेळी देशातल्या बड्या तीन स्पर्धांपैकी एक. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १९३७ साली बेंगळुरूच्या मुस्लिम संघाने तो जिंकला तेव्हा कुठे भारतीय नाव त्यावर आले, आणि १९५०च्या दशकात हैदराबाद पोलिसांनी तो सलग पाच वेळा नेला. गोव्याच्या लोकांना कूपरेज परके नव्हते. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांमध्ये, राहणारा खलाशी, आचारी, वाजंत्री गोवेकर रविवारी तिथेच असायचा. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत वाढलेला गोवेकर. त्याच्यासारखे अनेक जण मुंबईच्या कंपन्यांसाठी खेळले आणि त्यांची कीर्ती मुंबईच्या खात्यावर जमा झाली.

त्यामुळे १९७०च्या दशकाच्या अखेरीस धेंपोने रोव्हर्स चषक जिंकला, त्याचे मोल आकड्यात सांगता येत नाही. गोव्याच्या क्लबाने, गोव्याच्या नावाने, कूपरेजवर. कुडांमध्ये त्या रात्री काय झाले असेल ते वाचकाने ताडावे. १९८६ साली हा चषक पुन्हा क्लबकडे आला.

१९८० आणि १९९०ची दशके

या दोन दशकांवर फार रेंगाळत नाही. गोव्याच्या फुटबॉलचा दबदबा वाढत होता. १९८३ आणि १९८४ साली संतोष करंडक गोव्यात आला, १९८९ साली फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम झाले, १९८८ साली वार्का गावातून चर्चिल ब्रदर्स नावाचा आणखी एक तालेवार प्रतिस्पर्धी उभा राहिला. धेंपो या सगळ्यात होता, राज्य संघाला खेळाडू पुरवत होता. पण १९८८ आणि १९८९ला फेडरेशन चषक जिंकला तो साळगावकरने. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, तिचे १९९८-९९चे विजेतेपदही साळगावकरचेच. क्लबमध्ये या काळात मतमतांतरे झाली, माणसे आली-गेली. कुठल्या संस्थेत होत नाहीत? आता मागे वळून पाहताना त्यातल्या बहुतेकांना नेमका मुद्दा काय होता तेही आठवत नाही, आणि ते बरेच आहे.

एक गोष्ट मात्र या काळात रुजली आणि ती पुढे कामाला आली. खेळाडू विकत आणण्यापेक्षा आपल्याच हवेत वाढलेली पोरे एकत्र ठेवायची आणि त्यांना वर्षानुवर्षे एकत्रच खेळवायचे, हे धोरण.

२००० ते २०१० : आर्मांदो आणि त्याची पोरे

इ. स. २००० साली आर्मांदो कुलासो प्रशिक्षक म्हणून आले. गोव्याचा माणूस, गोव्यातच खेळलेला, परदेशी पदविकांचा थाट नसलेला. सराव पहाटे. उशीर झाला तर दंड, आणि तो माफ होत नाही. त्यांच्या हाताखाली एक संघ आकाराला आला ज्यातली नावे आज गोव्यातले पोर क्रमाने म्हणते : मध्यरक्षणाला क्लायमॅक्स लॉरेन्स, बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, डाव्या बगलेवर क्लिफर्ड मिरांडा. क्लिफर्ड टाटा फुटबॉल अकादमीतून २००० साली आला आणि पंधरा वर्षे इथेच राहिला. भारतीय फुटबॉलमध्ये जिथे दर जून महिन्यात निम्मा संघ बदलतो तिथे पंधरा वर्षे म्हणजे एक पिढी. सोबतीला बाहेरचे दोन : ब्राझीलचा बेटो, जो चेंडू मागत नसे तर चेंडू त्याला शोधत येई, आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याच्याबद्दल पुढे बोलतो.

२००३-०४ साली संघ राष्ट्रीय लीगमध्ये ईस्ट बंगालच्या मागे दुसरा आला. पुढच्या हंगामासाठी क्लबने ईस्ट बंगालच्याच विजेत्या संघातून एक ब्राझिलियन आघाडीवीर आणला, क्रिस्तियानो ज्युनियर. वय २५. हसरा, उंच, गोल करण्यात निष्णात.

५ डिसेंबर २००४. बेंगळुरूचे कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ज्युनियरने पहिला गोल केला. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, चेंडू जाळ्यात गेला आणि तो खाली कोसळला. उठला नाही. धेंपो २-० जिंकला. फेडरेशन चषक पहिल्यांदाच क्लबकडे आला आणि ज्युनियर रुग्णालयात पोचण्याआधीच गेला होता. मैदानावरच्या तातडीच्या वैद्यकीय सोयींची चर्चा त्यानंतर देशभर झाली. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा अंगरखा निवृत्त केला. फुटबॉलमध्ये दहा हा आकडा प्रत्येक पोराला हवा असतो, म्हणून या निर्णयाचे वजन काय ते खेळणाऱ्यालाच कळेल.

ती घटना टाळून या हंगामाबद्दल कोणी बोलत नाही, आणि हंगाम तिथे संपलाही नव्हता. डिसेंबरात सहकाऱ्याला निरोप दिलेल्या याच संघाने पुढच्या उन्हाळ्यात, २००४-०५ची राष्ट्रीय लीग जिंकली. क्लबचे हे पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. दुसऱ्या क्रमांकावर गोव्याचाच स्पोर्टिंग. कोलकात्याच्या वर्तमानपत्रांनी त्या आठवड्यात गोव्याचा नकाशा छापायला हवा होता.

त्यानंतर २००६ साली ड्युरांड चषक आला. २००६-०७ची राष्ट्रीय लीग जिंकली. ती त्या नावाची शेवटची लीग ठरली, कारण पुढच्या वर्षी तिची जागा आय-लीगने घेतली. २००७-०८ची ती पहिली आय-लीगही धेंपोनेच जिंकली. दहा संघ, अठरा सामने, आणि शेवटी धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स दोघांचेही ३६ गुण. गोलफरकावर निकाल लागला. त्या वर्षी गोव्यात दोन शेजारी एकमेकांशी किती दिवस बोलले नाहीत याची मोजदाद कोणी केलेली नाही. २००९-१०ची लीग पुन्हा धेंपोची.

इथे थोडे मागे-पुढे जाऊन एक हिशेब मांडावासा वाटतो. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीगची सहाही विजेतेपदे गोव्यात राहिली. धेंपो तीन, चर्चिल दोन, साळगावकर एक. महाराष्ट्रातल्या एका लहान जिल्ह्याइतक्या लोकसंख्येच्या राज्याने देशाच्या सर्वोच्च लीगवर सहा वर्षे अशी मालकी सांगितली. कोल्हापूरच्या माझ्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते तालमींची नावे घेऊन वाद घालायला येतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर होणारी गर्दी मीही पाहिली आहे आणि प्रेमात कोल्हापूर कुणापेक्षा कमी नाही. पण पेठेचे प्रेम पेठेतच मुरले. गोव्याने ते पगारपत्रकावर आणले.

२००८ साली संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथवर पोचलेला हा पहिला भारतीय क्लब. उपांत्यपूर्व फेरीत सिंगापूरचा होम युनायटेड, उपांत्य फेरीत लेबनॉनचा सफा. सफाकडून बेताच्या फरकाने हार झाली. बैरूतला गेलेल्या त्या संघातले बहुतेक जण सासष्टी, तिसवाडी आणि मुरगावच्या गावांतले होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, मैदानाबाहेर. २००९ साली धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला. म्हणजे ज्या मातीतून क्लब निघाला ती माती घराण्याकडे राहिली नाही. तीन वर्षांनी, २०१२ साली गोव्यातल्या खाणीच बंद झाल्या. क्लब चालू राहिला. वेस्ट हॅमच्या हातोड्यांची गोष्ट वर केली ती याचसाठी.

२०१० ते २०१६ : शिखर, घसरण आणि खालच्या पायरीवरचा हंगाम

२०११-१२चा हंगाम हे क्लबचे शिखर मानतात आणि मलाही ते पटते. पाचवे राष्ट्रीय लीग विजेतेपद, ईस्ट बंगाल दुसरा. रँटी मार्टिन्सने त्या हंगामात ३२ गोल केले. २६ सामन्यांत ३२. बचावपटूंना तो कुठे उभा आहे ते दिसत असे. पुढच्या क्षणी तो तिथे नसे. २०११ साली कुलासोंनी काही काळ राष्ट्रीय संघाचीही धुरा सांभाळली. त्या वर्षाच्या सुरुवातीला कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात भारताच्या बचावात महेश गवळी होता. पुढे २०१३ साली कुलासो क्लब सोडून ईस्ट बंगालला गेले. बऱ्याच उशिरा, राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा पणजीत ज्यांनी पेढे वाटले त्यांत क्लबची जुनी माणसे होती.

२०१४च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. चित्रपट तारे, क्रिकेटपटू, मोठे फलक, दूरचित्रवाणीवर रोजचा सामना. गोव्याच्या वाट्याला आलेल्या एफसी गोवामध्ये धेंपो घराण्यातल्या श्रीनिवास धेंपो यांचाही सहभाग होता. जुन्या क्लबांचे खेळाडू काही महिने इकडे, काही महिने तिकडे. सराव तुटला, संघ तुटला. २०१४-१५च्या आय-लीगअखेर धेंपोचे नाव खालच्या ओळीत गेले आणि पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत उतरला.

अशा वेळी मला इंग्लंडचे १९४७ साल आठवते. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, अन्नाला रेशन होते, आणि लोक मैदानांवर तुटून पडत होते. १९४८-४९च्या हंगामात फुटबॉल लीगच्या सामन्यांना ४ कोटी १० लाखांहून जास्त प्रेक्षक आले. त्या देशाचा आघाडीवीर टॉमी लॉटन याला नोव्हेंबर १९४७मध्ये नॉट्स काउंटीने चेल्सीकडून २०,००० पौंडांना घेतले. तोवरची सर्वांत मोठी रक्कम, आणि नॉट्स काउंटी तेव्हा तिसऱ्या श्रेणीत, दक्षिण विभागात. इंग्लंडसाठी खेळणारा माणूस शनिवारी खालच्या वर्गाच्या मैदानावर. नॉटिंगहॅमला रांगा लागल्या. १९४९-५०ला त्या संघाने तो विभाग जिंकला आणि वर चढला. उलटे उदाहरणही आहे. पोर्ट्समथ १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडचा विजेता होता, आणि १९७८ साली चौथ्या श्रेणीत. मैदान तेच, फ्रॅटन पार्क. लोक येतच राहिले. इंग्लंडात खालच्या श्रेणीला कोणी लाजत नाही. तिथेही लीग असते, तिथेही गुणतक्ता असतो आणि दर शनिवारी लोकांना सामना असतो. आपल्याकडे खाली गेलेला संघ म्हणजे संपलेला संघ, ही समजूत पक्की आहे.

धेंपोने ती मानली नाही. २०१५-१६ची दुसऱ्या श्रेणीची आय-लीग खेळायला संघ उतरला. अंतिम फेरीत सहा संघ : धेंपो, चंदिगडकडचा मिनर्व्हा, इंफाळचा नेरोका, काश्मीरचा लोनस्टार, हैदराबादचा फतेह आणि गंगटोकचा हिमालयन. देशाचा नकाशा टेबलावर पसरावा तशी ही यादी. गोव्याच्या दमट हवेत वाढलेल्या पोरांना एका आठवड्यात डोंगरावरची थंडी आणि दुसऱ्या आठवड्यात हैदराबादची उन्हाळी दुपार. विमान, बस, पुन्हा बस. इथे दूरचित्रवाणीचे कॅमेरे नव्हते, गर्दीत निम्मे यजमान संघाचे आणि निम्मे शाळेतून पळालेले. पाच राष्ट्रीय लीग जिंकलेल्या संघाने हे सामने मनापासून खेळावेत, यात मला क्लबचा स्वभाव दिसतो.

आणि ती लीग धेंपोने जिंकली. मिनर्व्हा दुसरा आला.

वर चढायचा हक्क मिळाला होता. पण त्याच उन्हाळ्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉलचा नवा आराखडा मांडला. त्यात सुपर लीग सर्वांत वर, आय-लीग तिच्या खाली, आणि तिथून वर जाण्याची वाट मैदानावरच्या निकालाने मिळेल अशी हमी नव्हती. गोव्याच्या तीन क्लबांनी, साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी, आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोच्या बाबतीत हा निर्णय अधिक जिव्हारी लागणारा, कारण जागा नुकतीच घाम गाळून मिळवलेली. या निर्णयाबद्दल तेव्हा बरेच बोलले गेले, वर्तमानपत्रांतून पत्रे आली, चहाच्या टपऱ्यांवर खटके उडाले. त्या सगळ्याची पुनरावृत्ती करण्याची ही जागा नव्हे. फक्त एवढी नोंद असू द्या : धेंपोच्या मागे दुसरा आलेला मिनर्व्हा पुढच्या हंगामात आय-लीगमध्ये उतरला आणि २०१७-१८ला ती लीग त्याने जिंकली. त्या दिवशी बातमी वाचताना पणजीत किती जणांनी चहा तसाच ठेवला असेल!

२०१६ नंतर : एला

राष्ट्रीय मंचावरून मागे सरल्यावर क्लबने आपले सगळे बळ मुलांवर लावले. जुन्या गोव्याजवळ एला इथे क्लबची अकादमी आहे. चर्चचे मनोरे आणि नारळीची झाडे, मधे हिरवे मैदान. सकाळी शाळेच्या आधी आणि दुपारी शाळेनंतर मुले तिथे दिसतात. वयोगटांच्या स्पर्धा, गोव्याची लीग, पुन्हा वयोगटांच्या स्पर्धा. यातून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी होत नाही, आणि त्यामुळे या वर्षांबद्दल क्लबबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. मैदानाची निगा राखणारे माळी, मुलांना आणणारे-नेणारे चालक, पालकांच्या तक्रारी ऐकणारे कार्यालयातले लोक आणि पाय मुरगळलेल्या पोराला बर्फ लावणारे फिजिओ यांनी ही वर्षे ओढून नेली. कोरोनाच्या काळात मैदान बंद होते तेव्हाही गवत कापले जात होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जुनी पोरे आता प्रशिक्षक झाली. क्लिफर्ड मिरांडाने २०२३च्या एप्रिलमध्ये ओडिशा एफसीला सुपर चषक जिंकून दिला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक मंडळात गेला आणि वयोगटांच्या संघांचा प्रशिक्षक झाला. समीर नाईक मात्र घरीच राहिला. ज्या क्लबच्या बचावात त्याने उमेदीची वर्षे काढली त्याच क्लबच्या पहिल्या संघाची सूत्रे त्याच्या हाती आली.

२०२३-२४ला धेंपो पुन्हा आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत उतरला. पुन्हा तेच प्रवास, तीच बिनकॅमेऱ्याची मैदाने, फक्त खेळाडू नवे. बहुतेक गोव्याचेच, आणि त्यातले कित्येक असे की २०१२च्या विजेतेपदाची मिरवणूक त्यांनी बापाच्या खांद्यावर बसून पाहिली असेल. स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू पहिला आला, धेंपो दुसरा. दोघेही वर गेले. या वेळी क्लबने मिळवलेली जागा घेतली.

२०२४-२५च्या आय-लीगच्या यादीत धेंपोचे नाव छापून आले आणि त्याच यादीत चर्चिल ब्रदर्सचेही होते. दोन्ही संघांची राष्ट्रीय लीगमधली गाठ बऱ्याच वर्षांनी पडणार होती. त्या आठवड्यात माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने, जो मूळचा वार्क्याचा आणि लग्नानंतर पणजीला आलेला, माझ्याशी बोलणे कमी केले. मी धेंपोचा इतिहास लिहितोय हे त्याला कुठूनसे कळले होते.